ठसा, डीएनए की हातावरचे जीवाणू?

जप्त केलेल्या कीबोर्डवरून माणूस गाठायचा असेल तर आधी बोटांचे ठसे, मग डीएनए, आणि दोन्हीकडे हात टेकले तरच जीवाणू. हा क्रम मी तरी बदलणार नाही.

ठसा जन्मभर बदलत नाही. १८९७मध्ये कलकत्त्यात ठशांचं कार्यालय निघालं तेव्हापासून पोलीस, वकील, न्यायाधीश सगळ्यांनाच तो ओळखीचा आहे. पण रोज वापरातल्या बटणांवर ठशावर ठसा बसतो, रेषा फिस्कटतात. डीएनएला रेषा लागत नाहीत, थोड्या पेशी पुरतात. अडचण अशी की नुसत्या स्पर्शातून पेशी फार कमी मिळतात, त्यातही चार जणांची सरमिसळ असते. शिवाय एकसारखे जुळे नेहमीच्या डीएनए चाचणीत वेगळे काढता येत नाहीत.

जीवाणूंचं आकर्षण इथेच आहे: हातावरच्या जीवाणूंचं मिश्रण माणसागणिक वेगळं असतं आणि ते वस्तूंना लागतं. २०१०मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात नोआ फिअरर, रॉब नाइट आणि सहकाऱ्यांनी नऊ जणांच्या संगणकाच्या माऊसवरचे जीवाणू मालकांच्या तळहातांशी आणि त्या माऊसना कधीही न लागलेल्या २७० हातांच्या नोंदींशी ताडून पाहिले. नऊच्या नऊ माऊसवरचे जीवाणू इतर हातांपेक्षा आपापल्या मालकाच्या हाताशी सरासरीने स्पष्टपणे जास्त मिळतेजुळते निघाले. नमुने दोन आठवडे साध्या खोलीत राहिले तरी फारसे बिघडले नाहीत. हात धुतल्यावर जीवाणूंची वस्ती काही तासांत पूर्ववत होते, हे त्याआधीच दिसलं होतं.

मात्र ते माऊस एकेकट्याच्या रोजच्या वापरातले होते. चोराने एकदाच हात लावलेल्या कपाटाला तोच निष्कर्ष कसा लावणार? वस्तीही बदलते. २०१५च्या एका अभ्यासात आतड्यातल्या जीवाणूंवरून वर्षभराने ८० टक्क्यांहून जास्त लोक ओळखता आले, शरीराच्या इतर भागांवरून जेमतेम ३० टक्के. त्यात एकत्र राहणाऱ्यांचे जीवाणू एकमेकांसारखे होत जातात. कॅनडात दहा जोडप्यांच्या त्वचेच्या नमुन्यांवरून कोण कोणाचा जोडीदार, हे संगणकाने ८६ टक्के वेळा बरोबर सांगितलं. म्हणजे घरचा लॅपटॉप नवऱ्याने वापरला की बायकोने, हा वाद असेल तर डीएनएच बरा.

संशयित दोन-तीनच असतील, वस्तू एकाच्याच वापरातली असेल आणि ठसा-डीएनएने काही हाती लागलं नसेल, तर जीवाणूंची चाचणी जरूर करा, पण तपासाला दिशा मिळावी एवढ्यापुरतीच. संशयिताच्या हाताचा स्वॅब मात्र लगेच घ्यायला हवा. अटक सहा महिन्यांनी झाली असेल तर या चाचणीवर पैसे घालू नका.