फवारणी की धुरी? वाशीच्या गाळ्यातला गहू

वाशीच्या दाणाबंदरात, म्हणजे धान्याच्या घाऊक बाजारात, पाऊस सुरू झाला की गोण्यांवर सोंडे (धान्यातले किडे) फिरू लागतात आणि गाळ्यात वाद रंगतो: कीटकनाशक फवारायचं की धुरी द्यायची, म्हणजे विषारी वायू कोंडून कीड मारायची?

फवारणी स्वस्त. मॅलाथिऑन ५० ईसी (पाण्यात मिसळायचं द्रव कीटकनाशक) लिटरभर पाण्यात १० मिली, १०० चौरस मीटरला ३ लिटर द्रावण, भिंतींवर आणि गोण्यांच्या बाहेरून. दाण्यांवर मात्र थेंबही नको. पण दर १५ दिवसांनी पुन्हा मारावं लागतं, आणि दाण्याच्या आत वाढणारी अळी खुशाल पोसत राहते. वरून मेलेले किडे बघून समाधान तेवढं मिळतं.

धुरीचं काम वेगळं. अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडची ३ ग्रॅमची गोळी हवेतल्या ओलाव्याने साधारण १ ग्रॅम फॉस्फिन सोडते, आणि हा वायू दाण्याच्या आत शिरून अंडी-कोषांपर्यंत पोचतो. अट एकच: थप्पी ताडपत्रीखाली हवाबंद, किमान ५ ते ७ दिवस. कडा वाळूने नीट दाबल्या नाहीत तर वायू निसटतो, आणि वाचलेले किडे पुढे औषधाला दाद देत नाहीत. शिवाय ताडपत्री काढली की संरक्षण संपलं. बाहेरचा किडा परत येतो.

म्हणून माझं मत: आत कीड शिरलेली असेल तर धुरीच, तीही परवानाधारक माणसाकडून. रिकामा गाळा नवा माल भरण्याआधी फवारावा.

आणि हो, घरच्या डब्यात ही गोळी कुणी दिली तरी घेऊ नका. बंद फ्लॅटमध्ये तो वायू माणसांचाही जीव घेतो. तिथे कडक ऊन आणि तुरीला एरंडेलाचा हात पुरे.