यूएसडीटी आणि यूएसडीसी : तारण आहे, पण ते कोणाच्या हाती?

ऐरोली-महापेच्या पट्ट्यात परदेशी क्लायंटसाठी फ्रीलान्स काम करणाऱ्यांना "पेमेंट यूएसडीटीत चालेल का?" ही विचारणा आता नवी राहिलेली नाही. घोडबंदर रोडच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर "एफडी मोडा, टीथर घेऊन ठेवा, डॉलर वाढतोच आहे" असे सल्लेही फिरतात. यूएसडीटी (टीथर) आणि यूएसडीसी ही स्टेबलकॉइन, म्हणजे एका डॉलरशी भाव बांधलेली क्रिप्टो टोकनं. म्हणून या दोन टोकनांकडे इथे विकाऊ माल म्हणूनच पाहिलं आहे. एका टोकनमागे एक डॉलर आहे हा दावा कितपत टिकतो, आणि टिकला तरी ठाण्यातल्या गिऱ्हाइकाला त्याचा उपयोग किती, एवढंच तपासायचं आहे. आमचे गुण : यूएसडीसीला पाचात साडेतीन, यूएसडीटीला पाचात अडीच.

आधी टीथर, म्हणजे यूएसडीटी. २०१४ मध्ये आलं तेव्हा दावा सरळ होता : जेवढी टोकनं, तेवढे डॉलर बँकेत. २०१९ च्या सुरुवातीला वेबसाइटवरचा मजकूर बदलला आणि गंगाजळीत संलग्न कंपन्यांना दिलेली कर्जंही मोजली जाऊ लागली. त्याच एप्रिलमध्ये कंपनीच्या वकिलाने कोर्टात लिहून दिलं की रोख आणि रोखीसारखी मालमत्ता सुमारे ७४ टक्केच आहे. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलशी १.८५ कोटी डॉलर भरून तडजोड झाली आणि ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या सीएफटीसी या वायदेबाजार नियामकाने ४.१ कोटी डॉलरचा दंड लावला. सीएफटीसीने २०१६ ते २०१८ मधले २६ महिने तपासले. त्यातल्या फक्त २७.६ टक्के दिवशी पुरेसे डॉलर खात्यात होते.

न्यूयॉर्कच्या तपासातली १५ सप्टेंबर २०१७ ची नोंद मुद्दाम वाचण्यासारखी आहे. त्या दिवशी हिशेबतपासनीस टीथरची शिल्लक पडताळणार होते. त्याच सकाळी टीथरने एका बँकेत खातं उघडलं, आणि बिटफिनेक्स या संलग्न क्रिप्टो एक्स्चेंजने त्यात ३८ कोटी २० लाख डॉलर टाकले. शिल्लक मोजली, कागद तयार झाला. बँकेचा माणूस स्टॉक तपासायला येणार त्या सकाळी एपीएमसीत शेजारच्या गाळ्यातली पोती आपल्या गाळ्यात आणून रचावीत, तसाच प्रकार. एका तारखेच्या प्रमाणपत्रावर किती विसंबायचं, हे यावरून कळतं.

आजची स्थिती तेव्हापेक्षा बरीच चांगली आहे, हेही सांगायला हवं. एकेकाळी गंगाजळीचा मोठा भाग कमर्शियल पेपरमध्ये, म्हणजे कंपन्यांना दिलेल्या अल्पमुदतीच्या कर्जांत होता. कोणत्या कंपन्यांचा, ते सांगितलं जात नव्हतं. ऑक्टोबर २०२२ पर्यंत तो शून्यावर आणला गेला. आता मुख्य हिस्सा अमेरिकी ट्रेझरी बिलांचा (टी-बिल, म्हणजे सरकारचे अल्पमुदतीचे रोखे) आहे आणि २०२२ पासून बीडीओ इटालिया या हिशेबतपासनीस कंपनीचा तिमाही अहवाल येतो. पण तो अहवालही तिमाहीच्या शेवटच्या दिवसापुरताच बोलतो. वर्षभराच्या व्यवहारांचं ऑडिट वेगळं असतं, हे कुठलाही सीए सांगेल.

अहवाल उघडल्यावर पहिल्या पानावरचा एकूण आकडा सोडा आणि थेट तक्त्यावर या. टी-बिल, रिव्हर्स रेपो (रोखे तारण घेऊन दिलेलं अल्पमुदतीचं कर्ज) आणि मनी मार्केट फंड यांची बेरीज वेगळी काढा. हे पैसे दोन-चार दिवसांत मोकळे होऊ शकतात. सोनं, बिटकॉइन, तारणी कर्जं आणि "इतर गुंतवणूक" यांची बेरीज दुसरीकडे. मग एकूण मालमत्तेतून एकूण देणी वजा करा. उरेल ती खरी उशी. एस अँड पी या पतमापन संस्थेने नोव्हेंबर २०२५ मध्ये यूएसडीटीला आपल्या मोजपट्टीवर सगळ्यात खालची, म्हणजे पाचवी श्रेणी दिली, ती साधारण याच गणितावर. सप्टेंबरअखेर उशी होती ३.९ टक्के आणि नुसतं बिटकॉइन ५.६ टक्के. बिटकॉइन ७० टक्के पडलं तर बाकी काहीही न बिघडता उशी संपते. इतकी पडझड त्याने याआधी केलेली आहे. शिवाय असा बाजार कोसळतो तेव्हा तारणी कर्जांमागचं तारणही घसरतं, आणि टोकनं परत करायला रांगही तेव्हाच लागते.

यूएसडीसीचा कागद जास्त स्वच्छ आहे. ते काढणारी सर्कल ही कंपनी २०२५ च्या जूनपासून न्यूयॉर्क शेअर बाजारात आहे, त्यामुळे तिचे वार्षिक हिशेब ऑडिट होतात. गंगाजळीची पडताळणी दर महिन्याला डेलॉइट ही ऑडिट कंपनी करते, आणि तिचा मोठा भाग ब्लॅकरॉक ही गुंतवणूक कंपनी चालवत असलेल्या नोंदणीकृत फंडात आहे. त्या फंडाची होल्डिंग्ज कोणालाही पाहता येतात. तरीही मार्च २०२३ मध्ये याच टोकनचा दर ८८ सेंटच्या आसपास घसरला. ४० अब्ज डॉलरच्या गंगाजळीपैकी ३.३ अब्ज बुडालेल्या सिलिकॉन व्हॅली बँकेत अडकले होते आणि शनिवार-रविवार असल्याने बँका बंद होत्या. टोकनचा बाजार चोवीस तास चालू, तारण मात्र बँकेच्या वेळेत. अमेरिकी सरकारने ठेवीदारांना पूर्ण पैसे मिळतील असं जाहीर केल्यावर दर पुन्हा जागेवर आला. पाचातला दीड गुण इथे आणि पुढे येणाऱ्या परतफेडीच्या मुद्द्यावर गेला.

टेरायूएसडीसारख्या, डॉलरच्या तारणाऐवजी अल्गोरिदमवर चालणाऱ्या टोकनांबद्दल लिहायची गरज नाही. मे २०२२ मध्ये टेरायूएसडी कोसळलं आणि ते प्रकरण आटोपलं.

आता पुढचा मुद्दा. टीथर थेट कंपनीला परत द्यायचं तर किमान एक लाख डॉलरचं लागतं, शिवाय कंपनीची पडताळणी पार करावी लागते. सर्कलचीही थेट परतफेड संस्थांसाठीच आहे. म्हणजे नौपाड्यातल्या माणसाकडच्या ५०० टोकनांमागे न्यूयॉर्कमध्ये टी-बिल असलं, तरी त्याला ते मागता येत नाही. त्याला मिळतो तो बाजारातला पुढचा गिऱ्हाईक देईल तो भाव. भारतात हा भाव बँकेच्या डॉलर दरापेक्षा अनेकदा काही रुपये वर असतो. हे वरचे रुपये कुठल्याच गंगाजळीत नसतात.

नाव सारखं, माल वेगळा, असंही होतं. बीएनबी चेन या ब्लॉकचेन नेटवर्कवरचं यूएसडीटी टीथरने काढलेलं नाही, ते बायनान्स या एक्स्चेंजचं पेग टोकन, म्हणजे यूएसडीटीच्या भावाशी बांधलेलं वेगळं टोकन आहे. जुलै २०२३ मध्ये मल्टिचेन हा ब्रिज (एका नेटवर्कवरची टोकनं दुसऱ्यावर नेणारी सेवा) कोलमडला तेव्हा फँटम या नेटवर्कवरचं ब्रिज करून आणलेलं यूएसडीसी घसरलं, सर्कलकडचे डॉलर मात्र शाबूत होते. म्हणून टोकन स्वीकारण्याआधी काढणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटवरून त्या नेटवर्कवरचा टोकनचा कॉन्ट्रॅक्ट पत्ता (अस्सल टोकन ओळखायचा कोड) घ्या आणि वॉलेटमधल्या पत्त्याशी अक्षर न अक्षर ताडून पाहा. एक्स्चेंजच्या ॲपवर दिसते ती तर नुसती वहीतली नोंद. वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजवर जुलै २०२४ मध्ये सुमारे २३ कोटी डॉलरची चोरी झाली, आणि यूएसडीटीचा डॉलरशी बांधलेला भाव जागेवर असतानाही ग्राहकांचे पैसे वर्षाहून जास्त काळ अडकले.

करांचं थोडक्यात : नफ्यावर ३० टक्के आणि त्यावर ४ टक्के सेस, विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएस, एक्स्चेंजच्या फीवर १८ टक्के जीएसटी. तोटा कशातच वजा होत नाही, पुढच्या वर्षीही ओढता येत नाही. एक लाखाची विक्री केली की नफा असो-नसो, हजार रुपये कापले जातात.

फ्रीलान्सरांना खरी ठेच लागते ती जीएसटीत. सेवा निर्यात ठरायला पैसे परिवर्तनीय परकीय चलनात, किंवा आरबीआयने मुभा दिली असेल तिथे रुपयांत, यावे लागतात. यूएसडीटी वॉलेटमध्ये आलं तर बँकेकडून एफआयआरसी (परदेशातून पैसे आल्याचा दाखला) मिळणार नाही. जीएसटी नोंदणी असलेल्याला निर्यातीवर मिळणाऱ्या शून्य दरावर प्रश्न उभा राहतो आणि १८ टक्के अंगावर येऊ शकतात. क्लायंट अडून बसला नसेल तर बँकेची साधी वायर किंवा पेमेंट कंपनी घ्या, फी गेली तरी चालेल.

टोकन घेतलंच असेल तर विकताना पी२पीवर (थेट व्यक्ती-ते-व्यक्ती विक्रीत) अनोळखी नावाच्या खात्यातून आलेले पैसे घेऊ नका. ते सायबर फसवणुकीचे निघाले तर दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांच्या पत्रावर तुमच्या ठाण्यातल्या खात्यावर लीन (रक्कम काढण्यावर रोख) लागतो, आणि तो उठवायला महिने जातात. वाशी स्टेशनबाहेर रोखीने देतो म्हणणाऱ्यालाही नकोच म्हणा. एका व्यवहारात दोन लाख किंवा जास्त रोख घेतली तर घेणाऱ्यालाच तेवढा दंड आहे. एफआययू या सरकारच्या आर्थिक गुप्तवार्ता विभागाकडे नोंदणी असलेलं एक्स्चेंज वापरा. इनव्हॉइस, ट्रान्झॅक्शन हॅश (व्यवहाराचा ब्लॉकचेनवरचा क्रमांक), त्या दिवसाचा रुपयातला भाव आणि बँक स्टेटमेंट यांची पीडीएफ व्यवहाराच्या दिवशीच काढून ठेवा.