डिशचं एचडी की उतरवलेलं एचडी: सात महिन्यांचा अनुभव

मी सोलापुरात चादरींच्या डिझाइनचं काम करतो. ग्राफच्या कागदावर चौकोन भरायचे आणि त्यावरून जकार्ड मागावर नक्षी विणायची, हा रोजचा उद्योग. त्यामुळे टीव्हीच्या चित्रात कुठे चौकोन पडला तर माझी नजर आधी तिथेच जाते. गणपतीत ४३ इंची फुल एचडी टीव्ही घेतला, डिशचा एचडी पॅक सुरू केला आणि तेव्हापासून नेटवरून उतरवून पेनड्राइव्हवर घेतलेल्या फाइलींशी त्याची तुलना करतोय.

आधी तक्रार सांगतो. जोडणीला आलेल्या मुलाने बॉक्स लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरीने जोडला आणि निघून गेला. त्या वायरीतून एचडी जातच नाही. एचडीएमआय केबल खोक्यात तशीच गुंडाळलेली, आणि आम्ही अकरा दिवस एचडीचे पैसे भरून साधं चित्र बघत होतो. फार राग आला होता. तुमच्याकडे एचडी बॉक्स असेल तर टीव्हीच्या मागे एकदा नक्की बघा. शिवाय बॉक्सच्या सेटिंगमध्ये रिझोल्यूशन १०८०आय आहे ना, तेही तपासा. आमच्याकडे ते ५७६ वर, म्हणजे साध्या चित्रावर होतं.

हे १०८०आय म्हणजे पूर्ण चित्र एकदम येत नाही. सेकंदाला ५० वेळा अर्ध्या ओळी येतात, एकदा विषम, एकदा सम, दर वेळी ५४०. टीव्ही त्या जुळवतो. क्रिकेटला याचा मोठा फायदा होतो. चेंडू सेकंदात ५० ठिकाणी टिपलेला असतो, त्यामुळे तो सलग जाताना दिसतो. मी उतरवलेले बहुतेक हायलाइट्स सेकंदाला २५ किंवा ३० चित्रांचे होते आणि त्यात चौकार सीमारेषेकडे उड्या मारत गेल्यासारखा वाटतो. सामना बघायचा तर डिशच, यात मला शंका नाही.

चित्रपटाचं तसं नाही. तो मुळात सेकंदाला २४ चित्रांचा असतो, त्यामुळे ५० चा उपयोग तिथे संपतो आणि प्रश्न उरतो डेटा किती खर्च केलाय याचा. आमच्या धंद्यात ६० बाय ९० ची चादर म्हटली की माप कळतं, सूत किती घातलंय ते हातात घेतल्यावर कळतं. १०८० हा आकडा मापाचा आहे. सूत म्हणजे बिटरेट, दर सेकंदाला खर्च केलेला डेटा.

भाचीच्या लग्नाचा दोन तासांचा व्हिडिओ फोटोग्राफरने दोन फाइलींत दिला, दोन्ही १०८०पी, म्हणजे पूर्ण चित्र एकदम येणारं. एक दीड जीबीची, म्हणजे सेकंदाला साधारण १.७ मेगाबिट. दुसरी सहा जीबीची, म्हणजे ६.७ च्या आसपास. आत्याबाईंनी इरकल नेसली होती. लहान फाइलीत त्या चालायला लागल्या की बारीक चौकड्या विरघळून नुसता जांभळा रंग उरतो, थांबल्या की चौकड्या परत येतात. मोठ्या फाइलीत चौकडी कुठेच मोडत नाही. मांडवातल्या अंधाऱ्या कोपऱ्यांतही तेच, लहान फाइलीत तिथे काळ्याचे पट्टे पडतात. इतक्या हलक्या फाइलीपेक्षा डिशवरचं चित्र मला कितीतरी सरस वाटलं. म्हणून नुसतं ‘फुल एचडी’ लिहिलेलं बघून काही उतरवू नका, आकार बघा.

डिश उघडी पडली ती गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वर यात्रेच्या वेळी. सिद्धेश्वरांचा अक्षता सोहळा एका एचडी चॅनेलवर थेट लागला होता. नंदीध्वज उभे, पांढऱ्या बाराबंदीतली एवढी गर्दी, तोवर चित्र सुरेख होतं. अक्षता पडायला लागल्या आणि सगळं फुटलं. हजारो दाणे एकाच वेळी वेगवेगळ्या दिशांना उडतात, तेव्हा मागच्या चित्रावरून पुढचं ताडता येत नाही. कॉम्प्रेशन, म्हणजे डेटा दाबून लहान करणं, नेमकं त्या ताडण्यावरच चालतं. चेहऱ्यांच्या जागी चौकोन आले, हुबेहूब माझा ग्राफचा कागद. त्यात उपग्रहावरच्या एकाच ट्रान्सपॉन्डरची (सिग्नल खाली पाठवणाऱ्या यंत्राची) क्षमता अनेक चॅनेल वाटून घेतात, आणि थेट प्रक्षेपणात विचार करायला वेळ नसतो. तोच सोहळा नंतर चांगल्या आकाराच्या फाइलीत उतरवला तर दाणे दाण्यांसारखे दिसले. फाइल बनवणाऱ्याला सगळ्या व्हिडिओवरून सावकाश दोनदा फिरून, जिथे गरज तिथे जास्त डेटा देता येतो.

किरकोळ गोष्टी: टीव्हीचा ‘विविड’ मोड बंद केला, शार्पनेस बराच खाली आणला, दोन्हीकडचं चित्र सुधारलं. परतीचा पाऊस जोरात आला की डिश थोडा वेळ जाते. चार जीबीवरची फाइल पेनड्राइव्हवर जात नसेल तर तो फॅट३२ या जुन्या फॉरमॅटमध्ये आहे. एक्सफॅट करा, पण टीव्ही ते वाचतो का ते आधी बघा.

आणि बसायचं अंतर. ४३ इंचावर १०८० चा सगळा बारकावा साडेपाच फुटांच्या आतच डोळ्याला दिसतो. आमची बाज नऊ फुटांवर. वडील तिथून म्हणायचे, ‘दोन्ही सारखंच रे.’ परवा अक्षतांची फाइल लावली तेव्हा ते उठून टीव्हीजवळ आले, आणि तिसऱ्या रांगेतल्या बाराबंदीवाल्याकडे बोट दाखवून म्हणाले, ‘हा आपल्या गल्लीतला की!’