घरझडती: वॉरंट घेऊन की कलम 185 खाली?

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा, 1 जुलै 2024 पासून लागू झाली. कलम 96 खाली न्यायालय झडतीचं वॉरंट काढतं. गरज आहे की नाही, हे पोलीस नव्हे, न्यायालय ठरवतं. वॉरंटमध्ये घराचा ठरावीक भाग नमूद असेल, तर झडती तेवढ्यापुरतीच.

कलम 185 खाली तपास अधिकारी वॉरंटविना झडती घेऊ शकतो. मात्र अन्य मार्गाने वस्तू मिळवण्यात अवाजवी विलंब होईल, असं त्याचं मत हवं. कारणं आणि शक्यतो काय शोधायचं तेही आधी केस डायरीत (तपासाच्या नोंदवहीत) लिहायचं, नोंदीच्या प्रती 48 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायच्या. प्रकरण अडतं ते इथेच: कारणं झडतीनंतर, ठरीव वाक्यात लिहिली जातात आणि उलटतपासणीत वेळा जुळत नाहीत.

पंचनामा दोन्हीकडे सारखाच. दोन स्वतंत्र पंच, रहिवाशाला हजर राहण्याची मुभा, त्याला जप्त वस्तूंच्या, पंचांच्या सह्या असलेल्या यादीची प्रत आणि कलम 105 नुसार चित्रीकरण. कॅमेरा दारातूनच सुरू हवा. कपाट उघडल्यावर सुरू केला तर वस्तू आधीच तिथे होती हे दिसत नाही.

चूक झाली म्हणून पुरावा आपोआप बाद होत नाही. पूरनमल प्रकरणात (1974) सर्वोच्च न्यायालयाने तसं स्पष्ट केलं. पण 2017 च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा अनुच्छेद 21 खाली मूलभूत हक्क ठरला आहे. वेळ हाताशी असेल तर वॉरंटच घ्यावं.