अधिकृत शोरूम, स्वतंत्र डीलर की थेट मालक? गाडी घेण्याआधी विकणारा पारखताना

गाडी कोणती घ्यायची यावर आपण महिनोन्‌महिने खल करतो. मायलेज, बूट स्पेस, रंग, सगळं तोंडपाठ होतं. ती कुणाकडून घ्यायची, हे मात्र जवळ कोणाचं दुकान आहे त्यावर ठरतं. मॉडेल तेच, कारखाना तोच, तरी एका डीलरचं गिऱ्हाईक निश्चिंत असतं आणि दुसऱ्याचं खेपा घालून थकतं. म्हणून डीलरची पारख गाडीच्या आधी करावी, असं मी आग्रहाने सांगतो.

नवी गाडी: दोन अधिकृत डीलर

इथे गाडी दोघांकडे सारखीच, फरक कागदात. दोघांकडूनही किमतीची फोड लेखी मागा: मूळ किंमत, कर, नोंदणी, विमा, अ‍ॅक्सेसरीज, वाढीव वॉरंटी आणि ‘हँडलिंग’सारखी मोघम नावाची रक्कम. मागताक्षणी कागद देणारा आणि ‘विमा बाहेरून घेतला तर चालेल ना?’ याला सरळ ‘हो’ म्हणणारा डीलर थोडा महाग पडला तरी माझ्या मते उजवा. ‘आधी बुकिंग करा, मग बघू’ म्हणणाऱ्याची सूट कितीही मोठी असो, ती पुढच्या टेबलावर वसूल होते.

कर्जाचं बोलणं निघालं की जास्त सावध राहा. ‘महिन्याला किती जमेल?’ हा प्रश्न सगळ्यात आधी आला, तर मुदत लांबवून हप्ता छोटा दाखवला जाण्याची शक्यता धरून चाला. व्याज फ्लॅट (शेवटपर्यंत मूळ कर्जाच्या पूर्ण रकमेवर) आहे की रिड्यूसिंग (उरलेल्या शिलकीवर), हे विचाराच. पाच वर्षांच्या कर्जावर ७ टक्के फ्लॅट म्हणजे घटत्या शिलकीवर जवळपास १२.५ टक्के, कारण फेडून झालेल्या मुद्दलावरही शेवटच्या हप्त्यापर्यंत व्याज चालूच राहतं. चांगला डीलर एकूण किती पैसे जाणार तो आकडा स्वतःहून लिहून देतो.

ताबा घेण्याआधी गाडी निवांत बघू देतो का, तेही पाहा. १७ अक्षर-आकड्यांचा चासी नंबर गाडीवर आणि कागदावर एकेक अक्षर ताडून घ्या. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: ३५२४ म्हणजे २०२४ सालचा ३५वा आठवडा. टायर फार जुने निघाले तर गाडी बरेच दिवस यार्डात उभी असू शकते. ते लक्षात आणून दिल्यावर डीलर उत्पादनाचा महिना दाखवतो की विषय बदलतो, यावरून बरंच कळतं.

जुनी गाडी: तिघांत निवड

जुन्या गाडीत खरी गोम अशी की विकणाऱ्याला सगळं माहीत असतं आणि घेणाऱ्याला फारसं काही नाही. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये याच बाजाराचं उदाहरण घेऊन दाखवलं, की चांगली-वाईट गाडी ओळखू येत नसली की गिऱ्हाईक सरासरी भाव देतं आणि त्या भावात चांगली गाडी कुणी विकायलाच काढत नाही. डीलरला आपण चार पैसे जास्त देतो ते ही अडचण त्याने सोडवावी म्हणून.

अधिकृत शोरूमची ‘सर्टिफाइड’ गाडी सहसा सगळ्यात महाग. त्या बदल्यात सर्व्हिसची पूर्ण नोंद आणि वॉरंटी मिळते. पण नुसत्या स्टिकरवर जाऊ नका. तपासणीचा भरलेला तक्ता मागा, त्यावर तारीख आणि तपासणाऱ्याची सही हवी. वॉरंटीत क्लच, ब्रेक पॅड, बॅटरी बहुधा येत नाहीत, तेव्हा वगळलेल्या भागांची यादी आधी वाचा. एक्सचेंजमध्ये आलेली दुसऱ्या कंपनीची गाडी असेल, तर तिचा इतिहास त्यांच्या संगणकात नसण्याचीच शक्यता जास्त.

स्वतंत्र डीलरकडे निवडीला वाव असतो, घासाघीसही करता येते, पण सगळं त्या माणसावर अवलंबून. त्याला एकच प्रश्न विचारा: ‘माझा मेकॅनिक आणून गाडी दाखवू का?’ ज्याला लपवायचं काही नाही तो वेळ ठरवून देतो. मेकॅनिकला स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातल्या बिघाडांच्या नोंदी (एरर) वाचणारं यंत्र, लावायला सांगा. एकही एरर नाही, पण स्वतपासणीच्या बऱ्याच चाचण्या ‘अपूर्ण’ दिसतात, तर एरर नुकतेच पुसले असावेत किंवा बॅटरी काढली असावी. इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहा. आधीच ‘गरम करून ठेवलेली’ गाडी मला कधीच आवडत नाही.

एका ठिकाणी मला एक गाडी फार मनात भरली होती. आतून लख्ख, सीट कव्हर नवीन. सहज सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढला, तर शेवटच्या हातभर पट्ट्यावर तपकिरी रेघ आणि बोटाला वाळलेला चिखल. सीटखालचे बोल्टही गंजलेले. गाडी पुरात उभी राहिली होती. डीलरने ‘धुताना पाणी गेलं असेल’ म्हटलं आणि मी किल्ली परत केली. गाडीला पाणी लागलं यात त्याचा दोष नव्हता. त्याने ते दडवलं, हे मला खटकलं.

थेट मालकाकडून गाडी बहुधा स्वस्त मिळते, पण वॉरंटी नाही आणि नंतर तक्रारीला दार नाही. कर्ज फिटल्याचा कागद हातात येईपर्यंत पैसे देऊ नका.

पहिलीच गाडी असेल आणि ओळखीचा मेकॅनिक नसेल, तर मी लेखी वॉरंटीची सर्टिफाइड गाडीच घ्या म्हणेन. मेकॅनिक भरवशाचा असेल तर स्वतंत्र डीलरकडे त्याच पैशांत बहुधा सरस गाडी मिळते. मालकाकडून घ्यायची ती मेकॅनिक सोबत असेल आणि गाडीचा इतिहास ठाऊक असेल तरच.

दोन डीलर अगदी बरोबरीत आले, तर गाड्या परत देण्याच्या वेळी दोघांच्याही सर्व्हिस काउंटरजवळ अर्धा तास बसा. बिल समजावून सांगतात का, बदललेला जुना पार्ट दाखवतात का, आणि ठरल्यापेक्षा रक्कम वाढली असेल तर आधी फोन केला होता का, ते ऐका.