रिकाम्या रिफिलमध्ये कडुलिंबाचं तेल भरू नका: जून ते नोव्हेंबरचा अनुभव

डास पळवणाऱ्या लिक्विडच्या मशीनची रिकामी बाटली टाकायची नाही, तिच्यात कडुलिंबाचं तेल आणि कापूर भरायचा, हा सल्ला दर पावसाळ्यात फिरतो. दुसरं मशीन वाया गेल्यावर हे लिहितोय. पैसे वाचवायला म्हणून हे करू नका, वाचत नाहीत.

घोटाळा वातीत आहे. बाटलीतली ती काळपट कांडी बारीक छिद्रांची असते. कंपनीचं औषध रॉकेलसारख्या पातळ द्रावणात मिसळलेलं असतं. ते छिद्रांतून वर चढतं, मशीनच्या गरम कड्याशी पोचलं की उडून जातं आणि मागून नवीन चढतं. कडुलिंबाचं तेल जाड. ते मुळात हळू चढतं आणि वर पोचलं तरी तेवढ्या उष्णतेला उडत नाही. पहिल्या दोन रात्री वास दरवळतो तो फक्त कापराचा. कापूर उडून गेला की तेल वातीच्या टोकाला तापत राहतं, चिकट होतं आणि राळेसारखं घट्ट बसतं. तिसऱ्या-चौथ्या रात्रीपासून लाल दिवा चालू, वीज चालू, बाहेर काहीच पडत नाही, आणि माणूस मात्र निर्धास्त झोपतो. वात ब्लेडनं खरवडली तर एक रात्र निघते. गरम पाण्यात उकळली तर ठिसूळ होऊन तुटते. तेच तेल कड्यावर ओघळून जळकट वास सुटला की नवीन रिफिल घातलं तरी मशीन धड चालत नाही.

तेल पातळ करायला टर्पेंटाइन घाला, असंही सांगतात. हे अजिबात करू नका. टर्पेंटाइनची वाफ साधारण ३५ अंशालाच पेट घेण्याजोगी होते, आणि मशीनचं कडं त्याच्या कितीतरी पट तापतं. रात्रभर, पडद्याशेजारी, मुलं झोपलेल्या खोलीत ही जोखीम कशासाठी घ्यायची?

ऑगस्टपर्यंत माझं मत होतं की कडुलिंबाच्या तेलातच दम नाही. ते मत बदललं. तेल चांगलं आहे, ते कातडीवर लागायला पाहिजे. प्रमाण २ टक्के: पाव लिटर खोबरेल तेलात चहाचा एक चमचा, म्हणजे ५ मिली, कडुलिंबाचं तेल. जास्त घातलं तर उग्र वास येतो आणि नाजूक कातडीला खाज सुटते. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस बघा. घोटे, पोटऱ्या, कोपरापासून खाली हात, मान एवढं पुरे. घामानं आणि कपड्यानं पुसलं जातं, म्हणून दोन-तीन तासांनी परत लावावं लागतं. रात्री दहाला लावून पहाटेपर्यंत पुरेल ही अपेक्षा ठेवू नका. झोपेला मच्छरदाणीच. तिच्या कडा गादीखाली दाबा आणि हातपाय जाळीला टेकणार नाहीत इतकी ती रुंद घ्या, कारण टेकलेल्या जागी डास जाळीतूनच चावतो.

तेल घेताना फसगत होते ती वेगळीच. कृषी सेवा केंद्रातलं पीपीएम (कीड मारणाऱ्या घटकाचं प्रमाण) लिहिलेलं निंबोळी अर्क किंवा तेल स्वस्त दिसतं, पण ते फवारणीचं आहे. पाण्यात मिसळावं म्हणून त्यात इतर रसायनं असतात. ते अंगाला लावायचं नाही. घाण्याचं शुद्ध तेल घ्या. पाण्याच्या पेल्यात थेंब टाकला की शुद्ध तेल वर तरंगतं, फवारणीचं तेल पांढरं दुधाळ होतं. तान्ह्या बाळाला यातलं काहीच लावू नका, आणि मुलांच्या हातांच्या बोटांना तर नकोच. हे तेल पोटात जाणं लहान मुलाला विषासारखं आहे. कापराचंही तसंच. थोडा जरी गिळला तरी लहान मुलाला झटके येऊ शकतात. डबी देवघरात खाली ठेवू नका.

शेणी आणि कडुलिंबाच्या पाल्याचा धूर: धूर आहे तोवर उपयोग, धूर विरला की डास हजर. अंगणात किंवा गोठ्याला वाऱ्याच्या बाजूनं करायला ठीक. घरात, त्यातून दम्याचं माणूस असेल तर नको. अंड्याचे ट्रे जाळणं म्हणजे नुसता कागदाचा धूर. लिंबात लवंगा टोचून ठेवण्यानं लिंबू आणि लवंगा दोन्ही फुकट जातात. त्यापेक्षा पायाच्या उंचीला ठेवलेला टेबलफॅन चांगला. वाऱ्यात डासाला नीट उडता येत नाही.

चावल्यावर आधी साबण आणि गार पाणी. मग फडक्यात गुंडाळलेला बर्फ पाच-दहा मिनिटं. खाज राहिलीच तर एक चमचा खायचा सोडा, लेप होईल इतकंच पाणी, दहा मिनिटांनी धुऊन टाका. कोरफडीचं पान कापलं की पाव तास उभं धरून पिवळा चीक गळू द्या. न गाळता लावली की तो चीकच खाजवतो आणि लोक म्हणतात कोरफड सोसत नाही. लिंबाचा रस लावून उन्हात गेलात तर काळे चट्टे पडतात, कधी फोडही येतात. चुना आणि टूथपेस्ट नको. गांधीवर नखानं फुली मारायची सवय मुलांची मोडा, तिथूनच ती पिकते.

सहा महिन्यांत सगळ्यात कमी खर्चात सगळ्यात जास्त फरक पडला तो संडासाच्या टाकीच्या गॅस पाइपला जाळी बांधल्यावर. रात्री कानाशी गुणगुणणारा क्युलेक्स जातीचा डास घाण पाण्यात वाढतो. कोल्हापुरातला जयंती नाला आणि गटारी आपल्या हातात नाहीत, पण प्रत्येक घराची टाकी त्या घराच्या हातात आहे. चार इंची पाइपला नायलॉनच्या जुन्या ओढणीचा फूटभर चौकोन, आणि त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबची कापलेली गोल पट्टी. सुतळी नको, पावसात कुजते. टाकीच्या फरशीची फट सिमेंटनं बुजवली नाही तर जाळीचा अर्धा उपयोग जातो.

दिवसा घोट्याला चावणारा पट्ट्यापट्ट्यांचा एडिस, म्हणजे डेंग्यूवाला, मात्र स्वच्छ पाण्यात होतो: मागच्या दारचं बॅरेल, फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची ताटली, नारळाच्या करवंट्या, गच्चीवरचा टायर. अंड्याचा डास व्हायला उबेत आठ-दहा दिवस लागतात, म्हणून कोरडा दिवस, म्हणजे साठलेलं सगळं पाणी ओतून भांडी कोरडी करणं, आठवड्यातून एकदा. बॅरेल नुसतं उपडं करून भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेच्या वर कडेला चिकटतात आणि कोरडी राहूनही काही महिने टिकतात. काथ्यानं कडा घासायच्या आणि ते पाणी मातीत ओतायचं. तोंडाला बांधलेलं कापड सैल पडलं की त्याच्या खोळीत पावसाचं पाणी साचतं आणि अळ्या तिथंच होतात, तेव्हा ते ताणूनच बांधा. २०१९ आणि २०२१ सारखा पंचगंगेचा पूर घरात शिरला असेल तर पाणी ओसरल्यावर हीच साफसफाई पहिल्या आठवड्यात करायची, नंतर नाही.

इतकं करूनही ताप आलाच तर रक्त तपासा. तपासणी होईपर्यंत ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नका, डेंग्यूत त्यानं रक्तस्रावाचा धोका वाढतो.

आता थंडीत तेलाचं मिश्रण बाटलीत गोठलंय. बाटली दोन मिनिटं कोमट पाण्यात धरून, हलवून मगच लावा. न हलवता वरवरचं घेतलं तर २ टक्क्यांचं प्रमाण राहत नाही.