रीपरमधलं रीइन्सर्ट: भजनाचा एको परत ट्रॅकवर घेताना

जुनं एको मशीन किंवा एखादा पेडल जवळ आहे आणि रेकॉर्डिंग रीपर या कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरवर करता, तर त्यातलं रीइन्सर्ट हे प्लगइन (ट्रॅकवर लावायचं छोटं साधन) उघडून बघाच. वेगळे पैसे पडत नाहीत, रीपरबरोबरच येतं. ट्रॅकवरचा आवाज इंटरफेसमधून (कॉम्प्युटरला आवाजाच्या वायरी जोडायचा डबा) बाहेर काढायचा, मशीनमधून फिरवून परत आत घ्यायचा आणि वाटेत झालेला उशीर भरून काढायचा, एवढंच त्याचं काम. ते काम ते चोख करतं.

मी बेळगावात शहापूरला राहतो. खानापूर, निपाणीकडच्या भजनी मंडळांचं रेकॉर्डिंग करतो. कॉम्प्युटरमधला डिले कितीही चांगला लावला तरी बुवा ऐकून मान हलवतात. "हे नको रे. आमच्या मशीनचा एको घाल की." आणि त्यांचं खरं आहे. त्या जुन्या ॲनालॉग मशीनमध्ये आवाज चिपमधल्या एका घरातून दुसऱ्या घरात ढकलला जातो, आणि चिपची खरखर ऐकू येऊ नये म्हणून वरच्या पट्टीतला भाग फिल्टरनं कापलेला असतो. म्हणून प्रत्येक एको आधीच्यापेक्षा मऊ होत जातो, अभंगाचे शब्द त्याच्याखाली बुडत नाहीत.

माझा इंटरफेस फोकसराईट स्कार्लेट ४आय४, तिसऱ्या पिढीचा. १-२ आउटपुट स्पीकरना जातात, ३ नंबरचा मशीनला. मशीन गिटारच्या लेव्हलचं, त्यामुळे रीइन्सर्टमधला सेंड, म्हणजे बाहेर जाणारा आवाज, मी १८ डेसिबल खाली ठेवतो, नाहीतर आवाज फाटतो. परत येणारी वायर मागच्या लाइन इनपुटात लावत नाही. तिथं गेन वाढवायची सोय नाही. पुढच्या १ नंबरला इन्स्ट (गिटारसारख्या वाद्यासाठीचं बटण) दाबून घेतली की आवाज भरून येतो.

आता पिंग. हे बटण दाबलं की रीइन्सर्ट एक छोटा टिक बाहेर सोडतं आणि तो परत यायला किती वेळ लागला ते मोजतं. दाबण्याआधी स्पीकर बंद करा, टिक कानाला लागतो. आणि मशीन बायपासवर ठेवा, म्हणजे आवाज एको न लागता सरळ जाईल, कारण एको चालू असेल तर एकोचाच वेळ उशीर म्हणून धरला जाण्याची भीती असते. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर (कॉम्प्युटर एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा हाताळतो तो) म्हणजे एका बाजूनं २.७ मिलिसेकंद. जाऊन-येऊन साडेपाचच्या आसपास, वर कन्व्हर्टरचा (आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करणारा भाग) वेळ वेगळा.

एवढ्याशा उशिरानं काय होतं, ते टाळ सांगतो. मशीनमधून एकोबरोबर मूळ आवाजही परत येत असेल आणि तो ट्रॅकवरच्या मूळ आवाजात मिसळला, तर एक मिलिसेकंदाच्या फरकानंसुद्धा ५०० हर्ट्झपाशी खड्डा पडतो आणि वर तसेच खड्डे पडत जातात. टाळाचा खणखणीत ठोका पत्र्यावर वाजवल्यासारखा होतो. पिंगनंतर मी वेव्हफॉर्म मोठा करून दोन्ही ट्रॅकवरचे ठोके एकाखाली एक बघितले, शिखरावर शिखर आलेलं होतं. तरीही मशीनचा मिक्स मी पूर्ण एकोकडे फिरवतो आणि मूळ आवाज रीपरमध्येच ठेवतो. एकोचं प्रमाण नंतर फेडरवर ठरवता येतं.

रीइन्सर्ट तसंच चालू ठेवून मिक्स संपवायचा मोह होतो. तसं करू नका, एको नव्या ट्रॅकवर रेकॉर्ड करून घ्या. नव्या ट्रॅकला रीइन्सर्टच्या ट्रॅकचा सेंड द्यायचा, म्हणजे तो आवाज तिकडं पाठवायचा, आणि रेकॉर्ड मोडमध्ये आउटपुट निवडायचं, लेटन्सी कॉम्पेन्सेटेड (उशीर भरून काढलेलं) असं लिहिलेलं. आमच्याकडं पावसाळ्यात लाइट कधी जाईल सांगता येत नाही. एकेक अभंग उतरवून घेतला की तेवढं काम पदरात पडतं. शिवाय बटणं कुठं होती ते मशीन लक्षात ठेवत नाही, पुढच्या आठवड्यात तोच एको मिळेल याचा भरवसा नाही.

या रेकॉर्डिंगमध्येच खरा आनंद आहे. गजर टिपेला पोचतो, पखवाज द्रुत होतो, तेव्हा मी मशीनचं फीडबॅकचं बटण (एको किती वेळा परत यावा ते ठरवणारं) हातानं हळूहळू वर नेतो आणि शेवटच्या टाळाला झटकन खाली आणतो. माऊसनं ऑटोमेशन (बदल कुठं कसा व्हावा त्याची रेघ) काढूनही जमतं, पण बुवांच्या श्वासाबरोबर हात फिरतो तसं ते फिरत नाही. दोन-तीन वेळा उतरवायचं, सगळ्यात जिवंत वाटेल ते ठेवायचं.

त्रास आहेतच. मशीन एक, तर एका वेळी ट्रॅकही एकच. दहा मिनिटांच्या भजनाला दहा मिनिटं बसावंच लागतं. परतीचा आवाज त्याच आउटपुटवर पुन्हा गेला तर शिट्टी घुमते, म्हणून राउटिंग दोनदा तपासा. अडॅप्टरची घुरघुर येत असेल तर मशीन आणि इंटरफेस एकाच बोर्डावर लावून बघा. माझ्याकडं त्यानं बराच फरक पडला.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. रीपर ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं, नंतर घरगुती किंवा लहान धंद्यासाठीचं लायसन्स ६० डॉलर. मंडळाचं मशीन दोन दिवस मागून आणा आणि त्या ६० दिवसांतच हे करून बघा.